नकाराचे स्थान : इंग्रजी उपसर्ग, अर्थसंभ्रम आणि सौम्योक्ती

इंग्रजी शब्दांच्या आरंभी येणारे 'अन-', 'इन-', 'डिस-', 'डी-', 'नॉन-', 'मिस-' हे उपसर्ग मूळ शब्दाचा नकार करतात, असे सर्वसाधारणपणे शिकविले जाते. शब्दसंग्रह वाढविण्यापुरती ही समजूत पुरेशी आहे. वाङ्मयाच्या, आणि त्यातही भाषांतराच्या अभ्यासकाला मात्र ती पुरेशी ठरत नाही. 'इन्फ्लॅमेबल' हा शब्द 'न पेटणारा' असा वाचला जातो आणि त्याचा अर्थ नेमका उलट असतो. बँकेचे बुडू पाहणारे कर्ज 'नॉन-परफॉर्मिंग ॲसेट' होते आणि 'मालमत्ता' हा शब्द तरीही शाबूत राहतो. पहिल्या उदाहरणाची चर्चा शब्दप्रयोगाच्या मार्गदर्शिकांत होते, तर दुसऱ्याची राजकीय भाषेच्या टीकेत. या दोन चर्चा सहसा एकमेकींना भेटत नाहीत.

या दोहोंचे मूळ एकच आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उपसर्गयुक्त शब्दात नकार आहे की नाही, असल्यास तो कोणत्या घटकाला लागू आहे आणि किती प्रमाणात, हे तो शब्द स्वतः सांगत नाही. वाचक या ठिकाणी अडखळला की संभ्रम निर्माण होतो. अडखळावयास हवे तेथे तो अडखळला नाही, की सौम्योक्ती सिद्ध होते. प्रशासनाची इंग्रजी परिभाषा भारतीय भाषांत आणताना हाच प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. तेथे तो केवळ शैलीचा राहत नाही. माणसांच्या ओळखीशी त्याचा संबंध येतो.

पाणिनीय परंपरेत 'उपसर्ग' ही संज्ञा धातूशी संबद्ध अशा 'प्र', 'परा' इत्यादी बावीस शब्दांपुरती मर्यादित असून निषेधवाचक 'नञ्' त्यांत मोडत नाही. येथे 'उपसर्ग' हा शब्द आधुनिक मराठी व्याकरणातील व्यापक अर्थाने योजिला आहे.

1. उपसर्गांची कुळे

इंग्रजीतील नकारार्थी उपसर्ग एका घराण्याचे नाहीत. 'अन-' आणि 'मिस-' हे मूळच्या जर्मानिक साठ्यातील आहेत. 'इन-', 'डिस-', 'डी-' आणि 'नॉन-' हे लॅटिनमधून, पुष्कळदा फ्रेंचच्या वाटेने आले. 1066 मधील नॉर्मन विजयानंतर दरबार, न्यायालय आणि धर्मपीठ यांच्या भाषेतून हा प्रवाह दीर्घकाळ चालू राहिला. 'ए-' किंवा 'ॲन-' हा उपसर्ग ग्रीकमधून विद्वानांच्या परिभाषेत आला. यांपैकी जर्मानिक 'अन-', लॅटिन 'इन-', ग्रीक 'ॲन-' आणि संस्कृत 'अन्-' ही एकाच इंडो-युरोपीय मुळाची रूपे आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्राला चांगले परिचित आहे. एकाच पूर्वजाचे तीन वंशज निरनिराळ्या वाटांनी एकाच भाषेत येऊन राहिले, असा हा प्रकार आहे.

या सहवासाचे परिणाम अनियमित झाले. विशेषणात 'अन-' आणि नामात 'इन-' असे जोड रूढ झाले : 'अनजस्ट' पण 'इनजस्टिस', 'अनइक्वल' पण 'इनइक्वॉलिटी', 'अनेबल' पण 'इनॅबिलिटी'. प्रमाणभूत मानलेल्या मजकुरांतही एकवाक्यता नव्हती. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्यघोषणेच्या जेफर्सनकृत मसुद्यात 'इनएलियनेबल' असे रूप आढळते, तर स्वीकृत मुद्रित पाठात 'अनएलियनेबल' असे. अर्थात फरक नाही; उपसर्ग मात्र निराळा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वरवर एक दिसणारे काही उपसर्ग वस्तुतः दोन आहेत. 'अनकाइंड' मधील 'अन-' गुणाचा निषेध करतो. 'अनटाय' मधील 'अन-' केलेली क्रिया उलटवितो. तो जर्मन 'एन्ट-' चा आप्त आहे. हे दोन्ही एकाच शब्दात संभवतात, तेव्हा अर्थ दुभंगतो. 'अनलॉकेबल' म्हणजे ज्याला कुलूप लावता येत नाही असे दार, आणि ज्याचे कुलूप काढता येते असे दारही. पहिल्या अर्थी उपसर्ग 'लॉकेबल' या सिद्ध विशेषणाला लागला आहे. दुसऱ्या अर्थी 'अनलॉक' हे क्रियापद आधी सिद्ध झाले असून प्रत्यय नंतर आला आहे. अक्षरे तीच असली तरी रचनेचा क्रम वेगळा आहे. नकाराचे स्थान म्हणजे काय, हे या एका शब्दावरून स्पष्ट व्हावे.

2. संभ्रमाचे स्वरूप

'इन्फ्लॅमेबल' मधील 'इन-' निषेधवाचक नाही. लॅटिनमधील 'पेटविणे' या अर्थाच्या क्रियापदात तो 'आत' किंवा 'पूर्णपणे' अशा अर्थाने आधीपासूनच आहे. परंतु इंग्रजीत निषेधवाचक 'इन-' अधिक प्रचलित असल्याने 'न पेटणारा' असा समज होणे स्वाभाविक होते. हा समज जीवघेणा ठरू शकतो, म्हणून 1920 च्या दशकात अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेने आणि 1959 मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने 'फ्लॅमेबल' हे उपसर्गविरहित रूप वापरण्याचा पुरस्कार केला. 1953 च्या अमेरिकी कायद्याच्या नावातही 'फ्लॅमेबल' हेच रूप आहे. भारतात मात्र 1952 च्या कायद्याच्या शीर्षकात 'इन्फ्लॅमेबल' हाच शब्द आला आणि पेट्रोलच्या टँकरांवरही तो दीर्घकाळ रंगविला गेला. त्याच ठिकाणी लिहिला जाणारा 'ज्वालाग्राही' हा मराठी शब्द या बाबतीत निःसंदिग्ध आहे, कारण ज्वाला 'ग्रहण' करणे ही क्रिया त्यात स्पष्टपणे सांगितली आहे.

मराठीत हा दोष नाही असे मात्र नव्हे. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड आणि 'अपरोक्ष' म्हणजे प्रत्यक्ष. शांकर परंपरेतील 'अपरोक्षानुभूति' या ग्रंथनामात हाच मूळ अर्थ आहे. तरीही 'माझ्या अपरोक्ष त्याने हे केले' हे वाक्य 'माझ्या पाठीमागे' या अर्थाने सर्रास बोलले आणि लिहिले जाते. 'परोक्ष' शब्दातील नकाराची जाणीव बोलणाऱ्याच्या मनातून पुसली गेली. मग तो नकार पुन्हा व्यक्त करण्यासाठी 'अ-' जोडला गेला. इंग्रजीत 'रॅव्हल' आणि 'अनरॅव्हल', 'लूसन' आणि 'अनलूसन', 'बोन' आणि 'डीबोन' हे जोड समानार्थी झाले आहेत, त्यांतही थोड्याफार फरकाने हीच प्रक्रिया दिसते.

संभ्रमाचा दुसरा प्रकार मूल्यवाचक शब्दांत आढळतो. 'इन्व्हॅल्युएबल' मध्ये 'इन-' खरोखरीच निषेधवाचक आहे. परंतु तो मूल्याचा निषेध करीत नाही, मूल्य ठरविण्याच्या शक्यतेचा करतो. 'अमूल्य' आणि 'अनमोल' या शब्दांचीही घडण अशीच असल्याने मराठी वाचकाला येथे अडचण येत नाही. मूल्याचा अभाव सांगण्यासाठी इंग्रजी 'व्हॅल्यूलेस' असा प्रत्यय योजते, तर मराठी 'मूल्यहीन' असा.

तिसऱ्या प्रकारात कालौघात अर्थांची अदलाबदल झालेली दिसते. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःस्वार्थ, तटस्थ. आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही असा, हा भेद आज काटेकोर लेखनात पाळला जातो. सतराव्या शतकात मात्र 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' आणि 'अनइंटरेस्टेड' हा शब्द 'निःपक्षपाती' या अर्थानेही आढळतो. गोंधळाचे मूळ उपसर्गाइतकेच 'इंटरेस्ट' या शब्दाच्या द्व्यर्थात आहे : हितसंबंध आणि रस. मराठीतील 'उदासीन' या शब्दाचा प्रवास येथे तुलनेसाठी घेण्यासारखा आहे. कौटिल्याच्या मंडलसिद्धांतात 'उदासीन' हा बाजूला राहिलेल्या समर्थ राजाचा वाचक आहे आणि गीतेत तो अनासक्त वृत्तीचा. आजच्या मराठीत मात्र त्याला निरुत्साहाची आणि खिन्नतेची छटा आली आहे. अलिप्त राहणाऱ्याला आस्था नाही असे मानण्याकडे दोन्ही समाजांचा कल होता, एवढे या समांतर प्रवासावरून म्हणता येते.

3. नञर्थाची सहा अंगे

या विविधतेची व्यवस्था लावण्यासाठी संस्कृत व्याकरणपरंपरेतील नञर्थविचार विशेष उपयोगी पडतो. त्या परंपरेत 'नञ्' चे सहा अर्थ सांगितले जातात : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. महाभाष्यापासून चर्चिलेल्या 'अब्राह्मण' या शब्दाने दगड किंवा ढेकूळ सुचत नाही. ब्राह्मणासारखाच पण ब्राह्मण नसलेला मनुष्य सुचतो. 'अनुदरा कन्या' म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर कृशोदरी. 'अधर्म' म्हणजे धर्माचा केवळ अभाव नव्हे, तर धर्मविरोधी आचरण.

इंग्रजी उपसर्गांना ही मोजपट्टी लावून पाहता येते. 'नॉन-फिक्शन' मध्ये अन्यत्व आहे. मराठी 'ललितेतर' हा शब्द 'इतर' असे म्हणून ते उघडच सांगतो. 'एसिम्प्टोमॅटिक' मध्ये अभाव आहे. 'इनकन्सिडरेबल' रक्कम ही अल्प रक्कम असते. 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. येथे अप्राशस्त्य आहे. 'मॉरल' या एकाच शब्दापासून तीन निषेध सिद्ध होतात : 'इम्मॉरल' मध्ये नीतीचा विरोध, 'एमॉरल' मध्ये नैतिक जाणिवेचा अभाव आणि 'नॉन-मॉरल' मध्ये नीतिविचाराच्या कक्षेबाहेर असणे. मराठी भाषांतरांत या तिन्हींसाठी 'अनैतिक' हा एकच शब्द आला, की समीक्षेतील वाद निष्कारण वाढतात. सौंदर्यानुभव नीतिनिरपेक्ष असतो असे म्हणणारा आणि कला अनैतिक असते असे म्हणणारा, हे दोघे एकच गोष्ट सांगत नसतात.

अन्यत्व आणि अप्राशस्त्य यांतील अंतर सामाजिक इतिहासातही दिसते. 1916 मध्ये मद्रासेत प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात 'नॉन-ब्राह्मिन' हे पद होते. महाराष्ट्रातील चळवळीचे नाव मराठीत 'ब्राह्मणेतर' असे रूढ झाले. 'अब्राह्मण' या शब्दात 'तत्सदृश परंतु उणा' असा अर्थ वाचण्यास वाव राहिला असता. 'इतर' या पदाने तो वाव ठेवला नाही.

याच परंपरेतील दुसरा भेद पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध यांचा. पर्युदासात निषेध नामाशी बांधलेला असून एखाद्या वस्तूला वगळून दुसरीचे विधान केले जाते. प्रसज्यप्रतिषेधात निषेधाचा अन्वय क्रियेशी असतो आणि ती क्रियाच नाकारली जाते. 'हे विधान असत्य आहे' हे पहिल्या प्रकारचे वाक्य. 'त्यांनी सत्य सांगितले नाही' हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्यात बोलणारा दिसत नाही, दुसऱ्यात तो कर्ता म्हणून उभा राहतो. उपसर्गयुक्त शब्द स्वभावतःच पहिल्या प्रकाराकडे झुकतात. सौम्योक्तीचे विवेचन करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

4. सौम्योक्तीचे कार्य

ऑटो येस्पर्सन याने 1917 मध्ये आणि कार्ल झिमर याने 1964 मध्ये इंग्रजी निषेधाचे जे विवेचन केले, त्यातून एक लक्षणीय विषमता पुढे आली. निषेधवाचक उपसर्ग प्रशंसावाचक विशेषणांना सहज लागतात, निंदावाचकांना क्वचितच. 'अनहॅपी' आहे, 'अनसॅड' नाही. 'अनकाइंड' आहे, 'अनक्रूएल' नाही. मराठीतही 'अप्रामाणिक' आहे. 'लबाड' या शब्दाला मात्र 'अ-' लावता येत नाही. परिणामी वाईट गोष्ट सांगण्याच्या दोन वाटा उपलब्ध होतात. 'लबाड' हा शब्द दोषाचे नाव घेतो. 'अप्रामाणिक' हा शब्द गुणाचे नाव घेऊन त्याला मागे सारतो. दोष वाचकाने अनुमानाने ओळखावयाचा असतो. उपसर्गातून घडणाऱ्या सौम्योक्तीचे सर्व बळ या अनुमानाच्या जागेत आहे.

मराठीच्या घरगुती सौम्योक्तींची जात निराळी आहे. नारळ फोडला असे न म्हणता 'वाढवला' म्हणतात, बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' असे म्हणतात, आणि निघताना 'जातो' ऐवजी 'येतो' म्हणतात. येथे अशुभ शब्दाच्या जागी थेट विरुद्धार्थी शुभ शब्द येतो. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही खरी वस्तुस्थिती जाणतात, त्यामुळे कोणीही फसत नाही. अलंकारशास्त्रातील पर्यायोक्तातही विवक्षित अर्थ श्रोत्यापर्यंत पोचावा हीच अपेक्षा असते. प्रशासकीय सौम्योक्ती अशुभाच्या नव्हे, तर उत्तरदायित्वाच्या भयातून जन्मते आणि ऐकणाऱ्याने पुढचे अनुमान करू नये, अशी तिची अपेक्षा असते.

ब्रिटिश संसदेत सदस्याला खोटारडा म्हणण्यास मनाई आहे. 22 फेब्रुवारी 1906 रोजी वसाहत खात्याचे उपमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड' असा प्रयोग केला. पुढे तो 'असत्य' या अर्थाची विनोदी सौम्योक्ती म्हणून प्रसिद्धीस आला. मूळ संदर्भ मात्र विनोदी नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील खाणींत करारावर आणलेल्या चिनी मजुरांच्या स्थितीला 'गुलामगिरी' म्हणता येईल काय, हा प्रश्न होता आणि तसे म्हटल्यास परिभाषेची अचूकता बिघडेल, असे उत्तर होते. 'इन-' या उपसर्गाने येथे अचूकतेचा अभाव सांगितला आणि चर्चा मजुरांच्या हालांवरून शब्दाच्या नेमकेपणावर नेली. सौम्योक्तीचे पुढे विस्मरणात गेलेले कार्य बहुधा असेच असते.

17 एप्रिल 1973 रोजी वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन यांचे वृत्तसचिव रॉन झीग्लर यांनी आधीची निवेदने आता 'इनऑपरेटिव्ह' आहेत असे सांगितले. निवेदन खरे की खोटे, हा ज्या ठिकाणी प्रश्न होता, तेथे ते लागू आहे की नाही, हा प्रश्न बसविला गेला. यंत्र बंद पडते, नियम रद्द होतो, त्याप्रमाणे विधानही निरुपयोगी झाले. ते कोणी केले होते आणि जाणूनबुजून केले होते काय, हे या विशेषणात येत नाही.

'डी-' या उपसर्गाचे सर्वांत कठोर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. लॉर्ड चेरवेल यांनी 30 मार्च 1942 रोजी चर्चिल यांना पाठविलेले टिपण इतिहासात 'डी-हाउसिंग' टिपण म्हणून ओळखले जाते. एक लाखाहून अधिक वस्तीच्या 58 जर्मन शहरांवर बाँबफेक करून तेथील लोकसंख्येचा मोठा भाग बेघर करता येईल, असा त्यातील हिशेब होता. शब्दाची रचना पाहावी : 'डी-' ने घर नाकारले आहे, घरात राहणारा माणूस नाकारलेला नाही. व्याकरणदृष्ट्या माणूस केवळ घरापासून विलग होतो. प्रत्यक्षात 1943 च्या जुलैत हँबुर्गमध्ये हजारो माणसे आपापल्या घरांच्या तळघरांतच मरण पावली. येथे शब्द खोटा नाही. घरे खरोखरच पडली. नकाराचे स्थान मात्र असे निवडले गेले, की सर्वांत मोठी हानी त्या शब्दाच्या कक्षेबाहेर राहावी.

जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 च्या प्रसिद्ध निबंधात 'नॉट अन-' या दुहेरी नकाराच्या सवयीवर टीका केली आणि 1949 च्या कादंबरीत 'वाईट' हा शब्दच नाहीसा करून 'अनगुड' हे रूप कल्पिले. या कल्पनेमागील भाषिक निरीक्षण येस्पर्सनच्या निरीक्षणाशी जुळते : दोषवाचक स्वतंत्र शब्द नष्ट केले, तर दोषाचा विचार गुणाच्या परिघातच करावा लागतो.

5. भारतीय प्रशासन आणि मराठी प्रतिशब्द

भारतातील अर्थव्यवहाराच्या परिभाषेत 'नॉन-परफॉर्मिंग ॲसेट' ही संज्ञा 1991 च्या नरसिंहम समितीनंतरच्या सुधारणांबरोबर स्थिरावली. मुद्दल किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकल्यास कर्ज या वर्गात टाकावे, हा निकष मार्च 2004 पासून लागू झाला. संज्ञेत निषेध आहे तो 'कामगिरी'चा, आणि ही कामगिरी कर्ता म्हणून मालमत्तेची आहे. ऋणको आणि कर्ज मंजूर करणारा अधिकारी, दोघेही वाक्यातून बाहेर पडतात. मराठी वृत्तपत्रांनी 'अनुत्पादक कर्ज' हा शब्दशः प्रतिशब्द आणि 'बुडीत कर्ज' हा देशी शब्द, असे दोन्ही स्वीकारले. 'बुडीत' हा शब्द सौम्योक्तीचे आवरण काढतो, परंतु तो अचूकच आहे असे म्हणता येत नाही, कारण या वर्गातील सर्वच कर्जे बुडतात असे नाही. 'थकीत' हा शब्द अधिक न्याय्य ठरतो. देशी शब्द म्हणजे सत्य आणि परिभाषा म्हणजे आवरण, असे सोपे समीकरण मांडता येत नाही, हे यावरून दिसते.

उपसर्ग गाळूनही सौम्योक्ती साधता येते. केंद्र सरकारने 1999 मध्ये 'डिसइन्व्हेस्टमेंट' या नावाने स्वतंत्र विभाग स्थापन केला. मराठीत 'निर्गुंतवणूक' हा प्रतिशब्द रुळला. 2016 मध्ये त्या विभागाचे नाव बदलून 'इन्व्हेस्टमेंट' आणि सार्वजनिक मालमत्ता व्यवस्थापन असे करण्यात आले. सरकारी भागभांडवल विकण्याचे काम विभागाकडे कायम राहिले; नावातील 'डिस-' मात्र गेला.

शब्दशः प्रतिशब्दांतून नवा संभ्रमही निर्माण होतो. 8 नोव्हेंबर 2016 रोजी 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा चलनातून काढल्यानंतर 'डीमॉनेटायझेशन' साठी मराठीत 'निश्चलनीकरण' हा शब्द छापला जाऊ लागला. 'निस्' आणि 'चलन' यांचा संधी होऊन 'निश्चलन' होते. परंतु वाचकाच्या कानावर आधी पडतो तो 'निश्चल', म्हणजे स्थिर. उपसर्ग संधीत विरघळला आणि मूळ 'चलन' दिसेनासे झाले. लोकव्यवहाराने 'नोटाबंदी' हा शब्द स्वीकारला, त्याचे कारण केवळ सोपेपणा नव्हे. कशाची बंदी झाली, हे त्यात स्पष्ट आहे.

6. 'विमुक्त' आणि 'दिव्यांग'

आतापर्यंतच्या उदाहरणांत उपसर्ग वस्तूंना, विधानांना किंवा व्यवहारांना लागलेला आहे. तो माणसांच्या समूहाचे नाव होतो, तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो.

1871 च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने अनेक जमातींना अधिसूचनेद्वारे जन्मतः गुन्हेगार ठरविले. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'डी-नोटिफाइड' झाल्या. हा 'डी-' क्रिया उलटविणारा आहे आणि उलटविलेली क्रिया 'अधिसूचित करणे' ही आहे. म्हणजे राजपत्रातील नोंद रद्द झाली, एवढेच हा शब्द सांगतो. ज्या संशयावर ती नोंद आधारलेली होती, त्याविषयी तो काहीच म्हणत नाही. शिवाय नकार व्यक्त करण्यासाठी तो मूळ नोंदीची आठवण प्रत्येक उच्चारात जागी ठेवतो. मराठीत 'विमुक्त' हा शब्द रूढ झाला. त्यातील 'वि-' निषेधवाचक नसून सुटका अधिक पूर्णपणे सांगणारा आहे. अधिसूचनेचा मागमूस त्यात नाही.

यांपैकी कोणता शब्द सौम्योक्ती मानावयाचा ? माणसाची प्रतिष्ठा पाहिली तर 'विमुक्त' निःसंशय श्रेष्ठ आहे; तो त्या समाजांनी आपला म्हणून स्वीकारला असून 31 ऑगस्ट हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. परंतु वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून पाहिले तर इंग्रजी शब्द अधिक काटेकोर ठरतो. जुना कायदा गेल्यानंतर निरनिराळ्या राज्यांत सवयीच्या गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशय निराळ्या मार्गाने चालू राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंग-नियमावल्यांतील भेदभावाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविताना विमुक्त जमातींकडे सवयीचे गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीचाही विचार करावा लागला. इंग्रजी उपसर्ग सुटकेचा अपुरेपणा नकळत सांगतो; मराठी शब्द सुटकेचे वचन देतो. वाचकाला दोन्ही कळावयास हवेत.

मराठी आत्मकथनांनी हे अंतर वाङ्मयीन पातळीवर उघड केले आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 1987 च्या आत्मकथनाचे शीर्षक 'विमुक्त' असे नसून 'उचल्या' असे आहे. समाजाने चिकटविलेले दूषण त्यांनी कोणताही उपसर्ग न लावता मुखपृष्ठावर ठेवले. 1998 च्या इंग्रजी भाषांतराला 'द ब्रँडेड' हे नाव मिळाले. येथे भाषांतराने दूषणाचा अर्थ देण्याऐवजी दूषण देण्याची क्रिया नोंदविली. कर्मणी धातुसाधितामुळे डाग देणारा कोणी आहे, हे किमान सूचित राहिले.

'डिसेबल्ड' या शब्दाचा इतिहास याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवितो. 'डिस-' म्हणजे उणीव, असा सर्वसाधारण अर्थ. परंतु 1976 मध्ये ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने शारीरिक व्यंग आणि 'डिसेबिलिटी' यांत भेद केला : व्यंग शरीराचे असते, अक्षम करण्याची क्रिया समाज करतो. या वाचनात 'डिस-' अभाव सांगत नाही, तर कृती सांगतो आणि त्या कृतीला कर्ता असतो. उपसर्ग तोच राहिला, नकाराचे स्थान बदलले आणि निमूट सहन केलेला शब्द हक्काच्या मागणीचा आधार झाला. भारतात डिसेंबर 2015 नंतर 'विकलांग' च्या जागी 'दिव्यांग' हा शब्द पुरस्कारिला गेला. 2016 च्या अधिनियमाच्या इंग्रजी शीर्षकात 'डिसॅबिलिटीज' हा शब्द राहिला, तर हिंदी शीर्षकात 'दिव्यांगजन' आला. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांनी या शब्दाला आक्षेप घेतला. 'दिव्य' या पूर्वपदाने उणीव झाकली जाते हे खरे. परंतु रस्ता, जिना आणि कार्यालय यांनी निर्माण केलेला अडथळाही त्याबरोबरच झाकला जातो.

7. समारोप

वरील विवेचनावरून उपसर्ग टाळावेत असा निष्कर्ष निघत नाही. 'अहिंसा' सारख्या संकल्पना निषेधरूपात का व्यक्त होतात, हा प्रश्न यान खोंडा यांनी 1959 मध्येच चर्चिला होता. निषेधरूप शब्दही भरीव विधायक आशय धारण करू शकतो, याची साक्ष भारतीय विचारपरंपरेत विपुल आहे. प्रश्न नकाराच्या अस्तित्वाचा नसून त्याच्या स्थानाचा आहे.

उपसर्गयुक्त शब्दाचे भाषांतर करताना म्हणून तीन गोष्टी तपासणे इष्ट ठरते. उपसर्ग खरोखरीच निषेधवाचक आहे काय, ही पहिली. 'इन्फ्लॅमेबल' आणि 'अपरोक्ष' येथे सावध करतात. नञर्थाच्या सहा अंगांपैकी कोणते अंग विवक्षित आहे, ही दुसरी. 'इम्मॉरल' आणि 'एमॉरल' यांतील भेद तेथे कळतो. नाकारलेल्या घटकामागे कोणता घटक न नाकारता, न उच्चारता ठेवला गेला आहे, ही तिसरी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोशात मिळू शकतात. तिसऱ्याचे उत्तर कोशात मिळत नाही. त्यासाठी तो शब्द कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी घडविला, याचा शोध घ्यावा लागतो. 'डी-हाउसिंग' मधील रहिवासी, करारावरील चिनी मजूर आणि अधिसूचित यादीतून वगळलेली जमात त्या शोधातच सापडतात.